मन सबबी सांगते तेव्हा

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द हमखास गोंधळ घालतात. ‘सबब’ हा त्यातला एक. उर्दूत सबब म्हणजे कारण, खरेखुरे कारण. मराठीत मात्र ‘सबबी सांगू नकोस’ म्हटले की सबब म्हणजे बहाणा. आणि कचेरीच्या कागदावर ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ असे लिहिलेले असते, तिथे तिचा अर्थ ‘म्हणून’ असा होतो. शब्द एकच, अरबीतून आलेला. सातवीच्या मुलांना हा फरक समजावताना ती हसतात. मला मात्र माझे थोरले भाऊ आठवतात. खरे कारण हळूहळू बहाणा कसे बनते आणि त्या बहाण्यावर माणसाचा स्वतःचाच विश्वास कसा बसतो, हे मी त्यांच्या दारूच्या आजारात वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे.

भाईजानांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. परवानगी देताना ते म्हणाले, “लिही. कुणाच्या तरी घरी उपयोग होईल. पण नाव टाकू नकोस, आणि मला वली करून ठेवू नकोस.” दोन्ही अटी मी पाळणार आहे.

भाईजान आता बावन्न वर्षांचे आहेत. सोलापुरात त्यांचे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे. उन्हाळा लागला की विहिरींचे पाणी खाली जाते, विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि आसपासच्या गावांतून जळालेले पंप येऊ लागतात. जळालेली तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइल भरायच्या, वार्निश लावून सुकवायचे, असे ते बारीक काम. त्यात त्यांचा हात फार चांगला. पैसे घेऊन आलेला एखादा गिऱ्हाईक संध्याकाळी म्हणायचा, “उस्ताद, चला, थोडं बसू या.” सुरुवात अशी झाली. पुढे चौदा वर्षे ती चालली.

त्या चौदा वर्षांत त्यांनी दिलेली कारणे लिहायला बसले तर हे मासिक पुरणार नाही. गिऱ्हाईक तुटेल म्हणून. थकवा आहे म्हणून. अब्बांचा इंतकाल झाला म्हणून. धंदा मंदा आहे म्हणून, आणि नंतर धंदा जोरात आहे म्हणून. यातले प्रत्येक कारण ऐकताना पटायचे. अब्बा खरेच गेले होते, थकवाही खराच होता.

सर्वांत पटणारे कारण होते हातांचे. सकाळी त्यांचे हात थरथरायचे. थरथरत्या हातांनी बारीक तार भरता येत नाही. दोन घोट घेतले की हात स्थिर व्हायचे. “दारू मी मजेसाठी पीत नाही, कामासाठी पितो,” असे ते म्हणत आणि अम्मीला ते पटायचे. पुढे डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की ती थरथर दारूनेच आणलेली होती. शरीराला दारूची सवय लागली की ती उतरताना हात कापतात, घाम येतो, जीव घाबरा होतो. पुन्हा प्यायले की तात्पुरते शांत वाटते. म्हणजे ज्या दुखण्यावर ते औषध म्हणून दारू घेत होते, ते दुखणे दारूचेच होते.

बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरसाठी आम्ही मनाच्या संरक्षण यंत्रणा पाठ केल्या होत्या. त्यात ‘समर्थन’ नावाची एक यंत्रणा होती, इंग्रजीत तिला ‘रॅशनलायझेशन’ म्हणतात. १९०८ मध्ये अर्नेस्ट जोन्स या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द या अर्थाने वापरात आणला. परीक्षेत उदाहरण म्हणून कोल्हा आणि आंबट द्राक्षे लिहिली की गुण मिळत. पण कोल्ह्याची गोष्ट सोपी आहे. त्याला द्राक्षे मिळाली नाहीत, म्हणून तो मनाची समजूत घालून निघून गेला. व्यसनी माणसाची समजूत त्याला निघून जाऊ देत नाही, ती त्याला पुन्हा त्याच दारात आणून उभी करते. तिथे आधी निर्णय होतो आणि कारण मागून शोधले जाते. माणसाला मात्र वाटते की कारण आधी होते.

भाईजानांची सर्वांत मोठी सबब रमजानची होती. शाबानच्या शेवटच्या दिवशी बाटली बंद, ईदच्या रात्री पुन्हा सुरू. “मी व्यसनी असतो तर महिनाभर राहू शकलो असतो का?” या प्रश्नापुढे घरात सगळे गप्प होत. अम्मीला तर तो महिना म्हणजे पुरावाच वाटे की मुलगा मुळात नेक आहे, संगत वाईट आहे. सुरुवातीची वर्षे निभावली. पण पिणे वाढत गेले तसे पहिले रोजे कठीण होऊ लागले. एका वर्षी दुसऱ्या रोजाला असरच्या सुमारास ते दुकानातच कोसळले. अंगाला झटके आले, तोंडातून फेस आला. शेजारच्या दुकानदारांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

तिथे डॉक्टरांनी जे सांगितले ते प्रत्येक घराला माहीत असायला हवे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी, एकट्याने दारू बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांसह. सोडण्याचा इरादा नेक आहे म्हणून शरीर माफ करत नाही. आपल्याकडे रमजानच्या आदल्या दिवशी असे इरादे अनेक जण करतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्यानंतर भाईजान पुण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. व्यसनमुक्तीचे काम मराठी घरांना नवे नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून कितीतरी घरांनी ही वाट पाहिली आहे. केंद्रातून परत आले ते भाईजान वेगळेच होते. फज्रला मशिदीत, मग दुकान, संध्याकाळी घरी. गावातल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बैठकीलाही जाऊ लागले. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन दारुड्या माणसांनी एकमेकांना सावरताना सुरू केलेली ही संघटना. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, धर्म विचारत नाहीत. एकाने आपली गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची.

घरातल्यांना वाटले, संकट टळले. भाभींनी तर साड्यांच्या फॉल-पिकोच्या पैशांतून नवसाप्रमाणे शिरखुर्मा करून मोहल्ल्यात वाटला. आणि सातव्या महिन्यात भाईजान पुन्हा प्यायले.

या लेखात मला खरे तर त्या सात महिन्यांबद्दलच सांगायचे आहे. पीत असतानाच्या सबबी सगळ्यांना ओळखू येतात, कारण तोंडाला वास येत असतो. सोडल्यानंतरच्या सबबींना वास नसतो. त्या शहाण्या माणसाच्या आवाजात बोलतात. भाईजानांनी नंतर स्वतः आठवून आठवून ती साखळी जुळवली, ती अशी.

पाचव्या महिन्यात ते म्हणू लागले, “बैठकीत तेच तेच बोलतात. तेवढ्या वेळात एक मोटर भरून होते.” उन्हाळ्याचे दिवस होते, कर्ज फेडायचे होते, बोलणे रास्त होते. बैठक सुटली. सहाव्या महिन्यात, “त्या जुन्या गिऱ्हाइकाकडे आठ हजार अडकलेत, फोन न करून कसे चालेल?” हेही रास्त. मग, “पोऱ्या पंप नीट बसवत नाही, मीच गावी जाऊन बसवून येतो.” मग, “बस उशिरा आहे, त्यांच्या शेतावरच थांबतो.” मगरिबनंतर बाटली समोर आली, तेव्हा निर्णय घ्यायला काही उरलेच नव्हते. प्रत्येक निर्णय वेगळा पाहिला तर त्यात दारूचा उल्लेखही नव्हता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी व्यसन उलटण्याचा अभ्यास केला. वरवर पाहता दारूशी संबंध नसलेले असे छोटे छोटे निर्णय माणसाला तिच्यापर्यंत पोहोचवतात, हे त्यांनी दाखवून दिले. भाईजान याला साध्या शब्दांत म्हणतात, “पाय आधी निघाले होते, मला उशिरा कळलं.”

मारलॅट यांनी आणखी एक गोष्ट मांडली. सोडलेल्या माणसाने एकदा घेतली की त्याचे मन लगेच दुसरी सबब देते, “आता गेलंच सगळं. सात महिने पाण्यात गेले. आता थांबून काय उपयोग?” पहिला पेला घसरण असते, पण ही सबब माणसाला पार तळाला नेते. भाईजान त्या वेळी अकरा दिवस घरी आले नाहीत.

त्यांना त्यातून बाहेर काढणारे बोल आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमाम साहेबांचे होते. ते भाभींच्या विनंतीवरून भाईजानांना शोधत गेले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “रमजानचा रोजा कुणी दुपारी मोडला, तर ‘मोडलाच आहे, आता दिवसभर खातो’ असं म्हणायची परवानगी आहे का? मगरिबपर्यंत थांबावंच लागतं. तुमची मगरिब अजून व्हायची आहे. चला.” हा मसला आपल्या लहान मुलांनाही माहीत असतो. पण तो दारूलाही लागू होतो, हे भाईजानांना त्या दिवशी उमगले.

ते पुन्हा केंद्रात गेले. या वेळी तिथल्या समुपदेशक ताईंनी त्यांना एक काम दिले. रोज रात्री मनात आलेली, स्वतःला पटलेली वाक्ये लिहून काढायची. भाईजानांनी मला फोन करून वही मागितली. मी शाळेतली मुले वापरतात तसली शंभर पानी एकरेघी वही पाठवली. तिच्या पानाचे तीन रकाने केलेले आहेत. पहिल्यात मनाने काय सांगितले. दुसऱ्यात त्याआधी त्या दिवशी काय घडले होते. तिसऱ्यात हे वाक्य मी कुणाला बोलून दाखवले.

त्यातली काही पाने त्यांनी मला वाचू दिली. पहिला रकाना: “आता मी बरा झालो आहे, इतकं जपायची गरज नाही.” दुसरा: “दोन आठवडे बैठकीला गेलो नाही.” पहिला: “बायको माझ्यावर संशय घेते, मग सोडून तरी काय फायदा?” दुसरा: “तिने फक्त उशीर का झाला विचारलं.” पहिला: “लग्नात कुणी आग्रह केला तर नाही कसं म्हणणार?” तिसऱ्या रकान्यात भाभींचे नाव आणि पुढे त्यांचे उत्तर, “आपल्या वलीम्यात बिर्याणी असते. दारूचा आग्रह कोण करणार आहे?” हे वाचताना आम्ही दोघेही खूप हसलो.

वहीतला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. सबब मनात असते तोवर तर्कशुद्ध वाटते. तीच दुसऱ्या माणसासमोर तोंडाने उच्चारली की तिचे पाय लटपटतात. ‘मी फक्त माझे आठ हजार आणायला जातोय, रात्री शेतावर राहीन’ हे वाक्य बैठकीतल्या एखाद्या जुन्या सोबत्याला फोनवर सांगून पाहा. तो पलीकडून लगेच विचारेल, “पैसे फोनवरून पाठवायला सांगता येत नाहीत का?” म्हणून त्या ताईंनी नियम घालून दिला होता: ज्या वाक्यापुढचा तिसरा रकाना रिकामा आहे, त्या वाक्यावर त्या दिवशी कृती करायची नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. आपण तिला मुहासबा म्हणतो, म्हणजे रोजचा स्वतःचा हिशोब. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या हारिस अल-मुहासिबी यांचे नावच या शब्दावरून पडले. इमाम गजाली यांच्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात मुहासब्यावर एक भाग आहे आणि ‘गुरूर’ यावर दुसरा. उर्दूत आपण गुरूर म्हणजे घमेंड समजतो. अरबीत त्याचा अर्थ धोका, फसगत, स्वतःची फसवणूक असा आहे. आणि कुरआन शरीफच्या सूरह कियामामध्ये माणूस स्वतःविरुद्ध स्वतःच साक्षी असल्याचे सांगितले आहे, मग तो कितीही उज्र पुढे करो. म्हणजे आत कुठेतरी आपल्याला खरे माहीत असते. वहीचे काम त्या साक्षीदाराला बोलू देण्याचे आहे.

हे सांगायचे एक खास कारण आहे. आपल्या घरांत सबबी पुष्कळदा दीनचे कपडे घालून येतात आणि म्हणून त्यांना कुणी हटकत नाही. भाईजानांच्या वहीत अशा तीन सापडल्या.

पहिली, “अल्लाह गफूर-रहीम आहे.” तो आहेच. पण इमाम गजाली आशा आणि भ्रम यांतला फरक शेतकऱ्याच्या उदाहरणाने समजावतात. जमीन नांगरून, बी पेरून, पाणी देऊन पिकाची वाट पाहणे ही आशा. काहीच न पेरता वाट पाहणे हा भ्रम. तौबेच्या अटी आपण मदरशात पाठ करतो: गुनाह सोडणे, त्याचा पस्तावा होणे, पुन्हा न करण्याचा पक्का इरादा करणे. पेला हातात धरून यातली पहिलीच अट पुरी होत नाही.

दुसरी सबब जास्त हुशार होती. “दारू एकदम हराम झाली नाही, टप्प्याटप्प्याने झाली. मीसुद्धा हळूहळू कमी करतोय.” माहिती बरोबर आहे. सूरह बकरात तिच्या फायद्यापेक्षा तिचा गुनाह मोठा असल्याचे सांगितले, सूरह निसात नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई केली आणि सूरह माइदात तिच्यापासून पूर्ण दूर राहण्याचा हुकूम आला. भाईजानांनी ही सबब इमाम साहेबांना बोलून दाखवली. ते म्हणाले, “टप्पे होते, पण शेवटचाही टप्पा होता ना? तो आला तेव्हा मदिन्याच्या गल्ल्यांत लोकांनी दारू ओतून टाकली. तुमच्या शेवटच्या टप्प्याची तारीख सांगा.” भाईजानांकडे तारीख नव्हती. दारूची मात्रा औषधांनी, डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवणे वेगळे, आणि ‘हळूहळू’ म्हणत वर्षे काढणे वेगळे.

तिसरी, “ईमान पक्कं असेल तर डॉक्टर, गोळ्या, केंद्र कशाला?” मधुमेहाच्या गोळीबद्दल असे कुणी म्हणत नाही. व्यसन हा आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि नशेच्या पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केला आहे. दुआ आणि दवा एकत्र घ्यायला आपल्या दीनने कधी मनाई केलेली नाही.

सबबी एकट्या व्यसनी माणसाच्या नसतात, घराच्याही असतात. “नजर लागली.” “लग्न लावून दिलं की सुधारेल.” “लोकांना कळलं तर मुलींची स्थळं येणार नाहीत.” यातली शेवटची भीती खरी आहे, मी ती हलकी लेखत नाही. दुसऱ्याचे ऐब झाकणे हे आपल्याकडे पुण्याचे काम मानले जाते आणि ते योग्यच आहे. पण आजार डॉक्टरांना दाखवणे म्हणजे कुणाची बदनामी करणे नव्हे. मोहल्ल्यापासून झाकावे, तबीबापासून झाकू नये. भाभींना हे पटले तेव्हा त्या ‘अल-ॲनॉन’च्या बैठकीला जाऊ लागल्या. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये सुरू झालेली ही वेगळी संघटना. तिथून आल्यावर त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. दुकानात गिऱ्हाईक आले तर ‘ते आजारी आहेत’ असे भाईजानांच्या वतीने खोटे सांगणे बंद केले. आणि प्रत्येक सबबीवर वाद घालणे बंद केले. वादात व्यसनी माणूस नेहमी जिंकतो, त्याची तयारी जास्त असते. त्या आता एवढेच विचारतात, “हे वहीत लिहिलंत का? कुणाला सांगितलंत?”

ज्या बहिणींच्या घरात हा आजार आहे, त्यांना सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारच्या दोन निःशुल्क फोनसेवा आहेत. नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६. आपले नाव न सांगताही तिथे बोलता येते. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही व्यसनाचे उपचार होतात.

भाईजानांना दारू सोडून आता चार वर्षांहून अधिक काळ झाला. सध्या त्यांची सातवी वही चालू आहे. मागच्या महिन्यात एका पानावर पहिल्या रकान्यात वाक्य होते, “आता चार वर्षांनी वही लिहायची काय गरज आहे?” दुसऱ्या रकान्यात लिहिले होते, “आज धाकट्या मुलीची मंगनी ठरली, फार खूश आहे.” तिसऱ्या रकान्यात माझे नाव होते. त्या रात्री साडेदहा वाजता त्यांनी मला फोन करून ते वाक्य वाचून दाखवले, मी ऐकले आणि त्यांनी वही मिटून इशाची नमाज अदा केली.

अल्लाह तआला त्यांना आणि अशा प्रत्येक घराला साबितकदम ठेवो. आमीन.